‘आज काय करायचं?’ला आठवड्यातून एक सुट्टी

सकाळी दहाच्या सुमाराला, हातात भलतंच काम असताना, डोक्याच्या एका कोपऱ्यात प्रश्न उगवतो: रात्री काय करायचं? उत्तर सापडेपर्यंत तो टोचत राहतो. सापडलं की त्याच्या मागून पुढचे येतात. त्याला लागणारं सामान घरात आहे का, भिजत घालायचं राहिलं का, कालचं उरलंय ते आधी संपवायला नको का. शेगडी पेटायला अजून आठ-नऊ तास असतात, पण स्वयंपाक सुरू झालेला असतो.

ज्या घरात हा प्रश्न रोज एकाच डोक्यात उगवतो, त्या डोक्याच्या मालकासाठी हा लेख आहे. बाई असो वा पुरुष. (बहुतेक वेळा बाईच असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ साली त्याचा आकडाही दिलाय: जगभरात घरकाम आणि माणसांचा सांभाळ यांत जे बिनपगारी तास जातात, त्यातले ७६.२ टक्के बायकांचे.) मी गेली काही वर्षं बुधवारी स्वयंपाक करत नाही. ही पद्धत बसवायला मला तीन प्रयत्न लागले.

पहिला प्रयत्न रागाचा होता. एका रात्री भांडी आपटत मी जाहीर केलं की उद्यापासून आठवड्यातला एक दिवस मी काही करणार नाही. कुठला दिवस, ते ना मला माहीत होतं ना कुणाला. चार दिवसांनी आठ वाजता सगळे फ्रिज उघडून उभे राहिले, आणि मीच काहीतरी टाकलं. दुसऱ्या वेळी शहाणपणा करायला गेले. सुट्टीच्या दिवशीचं सगळं आदल्या रात्रीच करून ठेवलं. त्या रात्री अकरापर्यंत मी ओट्याशी. सुट्टी कसली, दुसऱ्या दिवशीचं काम आगाऊ उरकून घेतलं, इतकंच.

तिसऱ्या वेळी मी काहीही जाहीर करण्याआधी एक वही घेतली. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

आधी आठवडाभर वही

सात दिवस ओट्याजवळ वही आणि पेन ठेवा. स्वयंपाकाशी संबंध असलेलं जे जे कराल ते मिनिटांसकट टिपा. शेगडीपुढे उभं राहणं तर लिहाच, पण निवडणं, चिरणं, भिजवणं, सामानाची यादी, खरेदी, आणलेलं जागच्या जागी लावणं, फ्रिज आवरणं, उरल्यासुरल्याची विल्हेवाट, भांडी, ओटा पुसणं हेही लिहा. आणि डोक्यात जे चालतं तेसुद्धा. ‘दूध संपत आलंय’ हे लक्षात येणं हेही कामच आहे. त्याला मिनिटं लावता येत नाहीत, म्हणून नुसती फुली मारायची.

माझ्या वहीत एका मंगळवारी शेगडी जेमतेम ५० मिनिटं पेटली होती. बाकीची कामं धरली तर साडेतीन तास. आणि फुल्या १९. त्या फुल्या बघितल्या आणि आधीचे दोन्ही प्रयत्न का फसले ते कळलं. मी सुट्टी मागत होते ती त्या ५० मिनिटांची.

ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी घरातल्या डोक्याच्या कामाचे चार भाग पाडले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि ठरलेलं होतंय ना यावर लक्ष ठेवणं. त्यांना असं दिसलं की ‘ठरवणं’ बरेचदा दोघं मिळून करतात. पहिला आणि शेवटचा भाग मात्र बाईच्या वाट्याला जास्त येतो. स्वयंपाकाला हे अगदी चपखल बसतं. ‘आज हे करूया का?’ म्हणून विचारलं की घरातले उत्साहाने मत देतात. पण ते करायचं तर दुपारीच काहीतरी भिजत घालावं लागेल, हे एकट्यालाच आठवतं. घरी स्वयंपाकाला कुणी पगारी माणूस येत असेल तरीही वही लिहून बघा. मिनिटं कमी होतील, फुल्या बहुधा तेवढ्याच राहतील.

सुट्टी म्हणजे नक्की काय

आता ठरवा की नेमकं काय बंद होणार. ‘स्वयंपाक बंद’ हे फार मोघम झालं. नवख्यांनी आठवड्यातलं एकच जेवण घ्यावं, शक्यतो रात्रीचं. पूर्ण दिवसाच्या मागे लागू नका. नव्याचे नऊ दिवस संपले की पूर्ण दिवस आधी कोसळतो. एका जेवणाची सुट्टी मात्र अशी पूर्ण घ्यायची की त्या जेवणापुरत्या तुमच्या वहीत फुल्याही नकोत. काय खायचं, कुणी करायचं, कधी बसायचं, मागून कुणी आवरायचं, यातलं काहीच तुमच्याकडे नाही. फोनवरून सूचना देणं हेही काम धरायचं.

याची एक कसोटी आहे. त्या संध्याकाळी तुम्ही अचानक गावाला गेलात तर घर जेवेल का? ‘हो, पण मी आधी सगळं सांगून जाईन’ असं उत्तर येत असेल तर ती अजून सुट्टी झालेली नाही.

वार

सुट्टीचा वार बदलता ठेवू नका. ‘जमेल तेव्हा’ म्हणजे कधीच नाही, आणि शिवाय दर आठवड्याला ‘या आठवड्यात कधी?’ हा एक नवा प्रश्न तुमच्याच डोक्यावर. वार एकदा ठरला की तो विचारायचा नसतो, सांगायचाही नसतो, तो येतो.

बहुतेकांना पहिल्यांदा रविवार सुचतो. मी तो घेऊ नका म्हणेन. सगळे घरात असतात, पाहुणे येतात, आणि ‘आज वेळ आहे तर काहीतरी खास होऊन जाऊ दे’ ही फर्माईशही त्याच दिवशी येते. आठवड्याच्या मधला दिवस घ्या, तुम्हाला बाहेरचं काम सगळ्यात जास्त असतं तो. फक्त खरेदीच्या दिवसाशी त्याचा मेळ घाला. खरेदीच्या आदल्या दिवशी फ्रिजमध्ये अर्धी काकडी आणि तीन बरण्या एवढंच असतं, आणि त्यातून जेवण उभं करायला सराईत हात लागतो. म्हणून सुट्टीचा वार खरेदीनंतर एक-दोन दिवसांत येईल असा ठेवा.

घरात सांगणं

रागात नाही, आणि जेवणाच्या ताटावरही नाही. सगळे निवांत असताना, दोन आठवडे आधी. वाक्य छोटं ठेवा. मी म्हटलं होतं: “अमुक तारखेपासून बुधवारचं रात्रीचं जेवण माझ्याकडे नाही. ते कसं करायचं ते तुम्ही ठरवा, मला खायला बोलवा.”

एक शब्द इथे टाळायचा, तो म्हणजे मदत. ‘बुधवारी मला जरा मदत कराल का’ म्हटलं की काम तुमचंच राहतं, बाकीचे उपकार करतात, आणि प्रत्येक बारीक गोष्ट तुम्हाला विचारून करतात. कांदा किती बारीक चिरू, हे विचारायला माणूस चार वेळा येणार असेल तर आपणच चिरलेला बरा.

विरोध होईल, पण तो बहुतेक वेळा तुम्हाला वाटतो तसा नसतो. मुलांना आवडतं. जोडीदार पहिल्यांदा थट्टा करतो, मग ‘एवढंच ना’ म्हणतो, मग पहिल्या बुधवारी सहा वाजता गप्प होतो. मोठ्या माणसांना मात्र यात काहीतरी बिनसल्याचा वास येतो. माझी आई फोनवर म्हणाली, “अगं, जेवणालाही कुणी सुट्टी देतं का?” मी म्हटलं, “जेवणाला नाही गं आई, करणारीला.” ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आमच्या वेळी सुचलं नाही हे.” त्यापुढे तिने विषय काढला नाही, बुधवारी फोन मात्र आठवणीने आठ वाजता करते, मी मोकळी असते म्हणून.

आणि अपराधी वाटणं. ते होतंच. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. चार-पाच आठवड्यांत ते आपोआप बोथट होतं, एवढं सांगू शकते.

मग खायचं काय

मार्ग चारच आहेत. आधीच्या दिवसांतलं साठवून ठेवलेलं गरम करणं. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रांधणं. काहीच न रांधता जुळवाजुळव करणं: पाव, फळं, दही, उकडलेली अंडी, कच्च्या भाज्या, चीज, दाणे, असं टेबलावर मांडायचं आणि ज्याने त्याने आपलं ताट लावायचं. आणि बाहेरून आणणं किंवा बाहेर जाणं. महिन्यात चार बुधवार येतात, चार मार्ग आहेत. आमच्याकडे ते साधारण आळीपाळीने होतात.

तिसऱ्या मार्गाला लोक उगाच नाकं मुरडतात. गरम नाही म्हणजे जेवण नाही, असं काही नसतं. पोट भरतं, भांडी कमी पडतात, आणि ज्या घरात कुणालाच शेगडी पेटवायची सवय नाही तिथे पहिल्या बुधवारी हाच मार्ग घ्यावा.

साठवण, जरा सविस्तर

साठवलेल्यावर भागवायचं तर माझ्यासारखं आदल्या रात्री दुप्पट करत बसू नका. त्याऐवजी आठवड्यात ज्या दिवशी एखादा रस्सेदार पदार्थ, सूप किंवा डाळ करणारच आहात, त्या दिवशी तेच दीडपट करा. चार माणसांचं करता तिथे सहा माणसांचं. चिरायला पाच-सात मिनिटं जास्त, पातेलं तेवढंच. जास्तीचा भाग जेवायला बसण्याआधीच बाजूला काढून ठेवा. जेवण झाल्यावर ‘उरलं तर ठेवू’ म्हटलं की उरत नाही. असं दोनदा केलं की एका बुधवारची सोय झाली.

पण इथे निष्काळजीपणा चालत नाही, म्हणून नियम नीट समजून घ्या.

शिजलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे की शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये. रात्री नऊला झाकून ओट्यावर ठेवलेलं पातेलं झोपताना आठवणीने फ्रिजमध्ये सरकवणारी माणसं या दोन तासांच्या काठावर असतात. उन्हाळ्यात तर त्याहून लवकर आत जायला हवं.

मोठं खोल पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर बाहेरून गार लागतं आणि मधोमध कितीतरी वेळ कोमट राहतं. उथळ, पसरट डब्यांत वाटून ठेवा; लवकर निवतं. फ्रिजचं तापमान ५ अंशांच्या खाली हवं. बहुतेक फ्रिजच्या खटक्यावर १ ते ५ किंवा १ ते ७ असे आकडे असतात, ते अंश नव्हेत, ती थंडाव्याची पायरी असते. एक साधा थर्मामीटर आत ठेवून एकदा खात्री करून घ्या.

फ्रिजमध्ये शिजलेलं अन्न तीन ते चार दिवस ठीक राहतं. त्याहून पुढचं असेल तर फ्रीझर, उणे १८ अंशांना. तिथे ते खराब होत नाही, पण दोन-तीन महिन्यांनंतर चव आणि पोत उतरायला लागतात. डबा गच्च भरू नका. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. काठोकाठ भरलेली काचेची बरणी फ्रीझरमध्ये तडकते आणि मग आतलं सगळं टाकून द्यावं लागतं. दोन बोटं जागा सोडा.

भाताचं वेगळं सांगते, कारण त्याच्याबद्दल लोक फार बिनधास्त असतात. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात, आणि हे विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून उरलेला भात तासाभरात निववून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. सुट्टीच्या दिवसासाठी भात साठवू नये हे माझं मत. ताजा भात लावणं घरात कुणालाही शिकवता येतं.

गोठवलेला डबा आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली उतरवून ठेवायचा, ओट्यावर नाही. मायक्रोवेव्हमध्ये वितळवलात तर लगेच गरम करून खाऊन टाका. गरम म्हणजे कडेने बुडबुडे नव्हेत. ढवळून मधोमध वाफ आली पाहिजे. थर्मामीटर असेल तर ७४ अंश. जेवढं लागेल तेवढंच गरम करा, पुन्हा पुन्हा गार-गरम करू नका.

वीज गेली तर? दार न उघडता फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. घरातल्यांना पाठ करायला लावा की वीज गेली की दर दहा मिनिटांनी ‘बघू जरा’ म्हणून दार उघडायचं नाही.

प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहा. मला दोन महिन्यांनी ओळखू येईल, असं आपल्याला वाटतं. येत नाही. गोठलेलं सगळं तपकिरीच दिसतं. आणि मुख्य म्हणजे, नाव लिहिलेलं असलं की डबा कुठला काढायचा हे तुम्हाला विचारायला कुणी येत नाही.

ओटा दुसऱ्याच्या हाती

पहिल्या बुधवारी मी शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसले. एक पान वाचलं नाही. सगळे कान ओट्याकडे. एक ड्रॉवर उघडला, बंद झाला. दुसरा उघडला, बंद झाला. तिसरा. मग पुन्हा पहिला. मग हाक आली, “किसणी कुठेय?” मी “सिंकच्या उजवीकडे, खालच्या...” म्हणत उठलेसुद्धा होते.

त्या रात्री मी अर्धा तास काढून एक कागद लिहिला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. कुठल्या खणात काय, मीठ-तेल-साखर कुठे, किसणी-झारा-कालथा कुठे, कुठल्या पातेल्याला कुठलं झाकण, आमच्या तांदळाला पाणी किती, गॅसचा मुख्य खटका कसा बंद करायचा. बरण्यांवर नावं चिकटवली. वर्षानुवर्षं हा सगळा नकाशा माझ्या एकटीच्या डोक्यात होता आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता, हे कबूल करते. तुम्ही मात्र कागद पहिल्या बुधवारच्या आधी लावा.

त्याच कागदावर ठळक अक्षरांत एक ओळ हवीच: कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. शेगडी बंद करायची, वर झाकण सारायचं, निवेपर्यंत झाकण काढायचं नाही, भांडं उचलून धावायचं नाही. पेटत्या तेलात पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल चहूकडे उडतं. नवख्याला तळण करूच देऊ नका, निदान पहिले काही महिने.

पदार्थ एकच घ्यायला सांगा, आणि महिनाभर तोच. घरातले कुरकुरतील, ‘परत तेच?’ म्हणतील. म्हणू द्यात. चौथ्या वेळेला करणाऱ्याचा हात बसतो, वेळ निम्मा होतो, आणि मुख्य म्हणजे तो न विचारता करतो. दर बुधवारी नवीन काहीतरी करायला घेतलं तर दर बुधवारी नवीन प्रश्न, आणि ते तुमच्याकडेच येणार.

तुम्ही काय करायचं? घराबाहेर पडा. मी दुसऱ्या बुधवारपासून दीड तास फिरायला जाते, फोन बंद करून. खोलीत बसून गप्प राहण्याचं मनोबल माझ्यात नाही. आणि परत आल्यावर मीठ कमी असेल तर वरून घ्या आणि खा. भाजी करपली असेल तर ती ज्याने केली त्यालाही कळलेलं असतं. त्या वेळी ‘मी असते तर आच मंद केली असती’ असं एक वाक्य बोललात की पुढच्या बुधवारी ओट्याशी तुम्हीच उभ्या राहता. मी ते वाक्य एकदा बोलले आहे.

बाहेरून मागवणं

हा सगळ्यात सोपा मार्ग म्हणून लोक सुरुवातच इथून करतात आणि दोन महिन्यांनी खर्चाकडे बघून सगळंच बंद करतात. महिन्याला एखाद-दुसऱ्या वेळेला ठेवा, आणि त्याची रक्कम महिन्याच्या सुरुवातीलाच वेगळी काढा. दुसरं म्हणजे मागवणं हेही काम असतं. कुणाला काय हवं, कुठून, किती, किती वाजता. हे सगळं तुम्हीच करत असाल तर नुसता कालथा खाली ठेवलात. निवडणारा माणूस दर वेळी बदला. त्याने जे मागवलं ते बाकीच्यांनी मुकाट्याने खायचं. आलेल्या गरम अन्नालाही तोच दोन तासांचा नियम.

भांडी

गुरुवारी सकाळी सिंकमध्ये खरकट्याचा ढीग असेल तर बुधवार रद्द. झोपण्याआधी सिंक रिकामा आणि ओटा पुसलेला हवा, हे त्या जेवणातच मोजायचं. हे पहिल्याच दिवशी सांगा. मागाहून सांगितलं की ती तक्रार वाटते.

काही घरांत जरा वेगळं

घरात कुणाला मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा रक्तातली साखर उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर जेवणाची वेळ सरकणं धोक्याचं असतं. नवखा माणूस अंदाज चुकवतोच, म्हणून त्या घरात सुट्टीचं जेवण साठवणीचंच ठेवा आणि वेळ घड्याळावर लिहून द्या. लहान बाळ, गर्भवती आणि वयस्कर माणसांना अन्नातून विषबाधेचा त्रास जास्त होतो. त्यांच्या ताटात शंका आहे असं काहीही नको. वास ठीक येतोय ही खात्री पुरेशी नाही, पुष्कळसे घातक जंतू वासाने कळत नाहीत.

एकटे राहणाऱ्यांना ओटा सोपवायला कुणी नसतं. त्यांच्यासाठी खरी सुट्टी म्हणजे त्या दिवशीचं जेवण कायमचं ठरवून टाकणं. दर बुधवारी तेच, न बदलता. रांधावं थोडं लागेलही, पण विचार करावा लागणार नाही. माझ्या ओळखीतले दोन एकटे शेजारी एकमेकांना आठवड्यातून एकेकदा डबा देतात. एकाचं सोमवारी, दुसऱ्याचं गुरुवारी. दोघांच्या चवी जुळत नाहीत, पण दोघांनीही ते मोडलेलं नाही.

पहिले दोन-तीन महिने

पहिला आठवडा गंमतीत जातो, दुसरा उत्साहात. तिसऱ्याला कुणालातरी उशीर होतो, कुणाची परीक्षा असते, आणि तुम्ही घरातच असता. ‘आजच्या दिवस टाकते मी पटकन’ हे वाक्य तेव्हा तुमच्याच तोंडून येतं. दुसऱ्या कुणी मागितलेलंही नसतं. त्या दिवशी सगळ्यांनी पाव आणि दूध खाल्लं तरी चालेल, पण शेगडीपाशी जाऊ नका. एकदा गेलात की घर शिकतं की वाट पाहिली की होतं.

खरोखरची अडचण असेल, कुणी आजारी असेल, पाहुणे राहायला असतील, तर तो बुधवार सोडून द्या आणि पुढच्या बुधवारी जिथे होतो तिथून सुरू करा. गेलेल्याची भरपाई म्हणून शुक्रवार मागू नका. वार हलला की सगळ्याच वारांबद्दल घासाघीस सुरू होते.

तीन महिन्यांनी वही पुन्हा काढा आणि एक आठवडा परत टिपा. मिनिटं बघू नका, ती कमी झालेली असणारच. सुट्टीच्या वारातल्या फुल्या मोजा. जी फुली अजून तिथे आहे ती कुठल्या कामाची, ते बघा आणि तेवढं एकच काम पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या नावावर करा. माझ्या वहीत बुधवारच्या जागी तेव्हा चार फुल्या होत्या. एक फ्रीझरमधून डबा उतरवण्याची, ती मुलीने घेतली. एक ‘सगळे जेवले का’ याची, ती मी सोडून दिली. उरलेल्या दोन दुधाच्या. दुधाचं अजून जमलेलं नाही.